लहान मेंदूचे तीन रस्ते

आमच्या घरात एक कायदा आहे. जेवताना मी कॉलेजबद्दल चकार शब्द काढायचा नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी वरणभातावर मेंदूचा विषय काढला आणि सासरे ताटावरून उठले, तेव्हापासूनचा. चहाच्या वेळी बोलायला परवानगी आहे, पण चहा किती वेळ टिकतो? मग काय होतं, किस्से साठत जातात. आज तुम्ही सगळे आलात, जेवणं उरकली आहेत, सासरे आत झोपलेत. आता ऐकाच!

मी इथे देवासला एका मेडिकल कॉलेजात अॅनाटॉमी शिकवते. शाळा सगळी हिंदीत झाली, मराठी फक्त घरची, त्यामुळे बोलताना मध्येच हिंदी घुसेल. चालवून घ्या. आमचे हेड चिटणीस सर. मूळचे धारचे, पूर्वज दरबारात कागद लिहायचे. त्यामुळे सर अजून 'तूर्त' म्हणतात, 'बरीक' म्हणतात, आणि मला नावाने न हाक मारता 'बाई' म्हणतात. तिसरे मांगीलाल भिया, इकडे भैयाला भिया म्हणतात. बदनावरकडचे, डिपार्टमेंटचे अटेंडंट. कुठला मेंदू कुठल्या डब्यात आहे हे रजिस्टरला माहीत नसतं, त्यांना माहीत असतं.

सरांना एकच वेड. ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, आणि त्याच्या मागे बसलेला लहान मेंदू. या दोघांना जोडणाऱ्या तंतूंच्या तीन जुड्या असतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन. खालची जुडी पाठीच्या कण्याची आणि कानाची खबर आत नेते. मधली सगळ्यात जाड, ती मोठ्या मेंदूचे बेत घेऊन येते. वरची बहुतेक करून उलटी निघते, उत्तर घेऊन. आपण चाललो तरी पडत नाही, घास नाकात न जाता तोंडात जातो, ते या तीन रस्त्यांच्या जोरावर. हे तिन्ही रस्ते एकाच मेंदूत, एकाच बाजूला, एकही न तोडता उघडे करून दाखवायचे, हा सरांचा ध्यास. बत्तीस वर्षं करत होते. बत्तीस वर्षं एक तरी तुटायचाच.

* * *

सरांचा नियम असा की ट्रेला हात लावण्याआधी समोरच्या मेंदूला "आज्ञा असावी" म्हणायचं. कुणीतरी आपला देह दिलाय, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता आमची मुलं कुठली कुठली. भिंडची, झाबुआची, सरदारपूरची. मराठीचा गंध नाही. पण चेहरा गंभीर करून सगळी म्हणतात, "आज्ञा असावी!" एकाला मी विचारलं, अर्थ माहितीये का रे? तो म्हणाला, "हाँ मेडम, लैटिन हे।"

मी सरांना सांगितलं नाही. उगाच कशाला त्यांचं मन मोडा?

त्याच बॅचला सर पहिल्यांदा तीन रस्ते शिकवत होते. एक मुलगी उभी राहिली. बारीकशी, कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "सर, ये रास्ते बनाए किसने?"

वर्ग हसला. सर नाही हसले. खडू खाली ठेवला आणि तिच्याकडे वळले.

"बेटा, तुम्हारी माँ ने बनाए। बिना नक्शे के, बिना किसी से पूछे। और उस वक्त वो शायद पोहे बना रही होगी।"

मी मागच्या बाकावर बसले होते, माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. मी सरळ घरी फोन लावून तिचा आवाज ऐकला.

* * *

हे तंतू चाकूने सोडवता येत नाहीत. पोलाद लागलं की तुटतात. लाकूडच हवं, चपटं, गुळगुळीत, धार नसलेलं. सरांनी सगळं करून बघितलं. शेवटी त्यांना सापडला तो कपातल्या आइस्क्रीमबरोबर मिळणारा लाकडी चमचा. पॉलिश पेपरवर थोडा घासला की झालं काम!

एके दिवशी काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, धुवायला टाकलेल्या पँटचे खिसे तपासले. निघाले अकरा चमचे. आणि सरांना पक्का डायबिटीस!

"हे काय आहे?"

"मेंदूसाठी आहेत."

"तो जागेवर असता तर हे खिशात सापडले असते का?"

काकूंनी मला फोन केला. "वृंदा, खरं सांग. हे तिकडे आइस्क्रीम खातात?"

मी म्हटलं, "नाही हो काकू, शपथ. सर फक्त चमचे घेतात. आइस्क्रीम मांगीलाल भिया खातात."

जानेवारीचा महिना होता. भिया मागून घोगऱ्या आवाजात ओरडले, "भाभीजी को बोलो, विज्ञान के चक्कर में गला बैठ गया मेरा!"

* * *

आता सुलभाताईंचं सांगते. त्या आल्या आणि आमच्या डिपार्टमेंटचं सगळंच बदललं.

दुपारची वेळ. मांगीलाल भिया घाईघाईने आत आले. "मेडम, बाहर एक आंटी आई हे। लगता हे थोड़ी लगा के आई हे।"

बाहेर जाऊन बघते तर साठीच्या आतल्या एक बाई. नीटनेटकी कॉटनची साडी, केसांचा घट्ट अंबाडा, पाय फाकवून, एक हात भिंतीला धरून चालतायत. दर पावलाला वाटावं, आता पडल्या. माझ्या मागे सर येऊन उभे राहिले. त्यांनी बाईंची आठ-दहा पावलं बघितली असतील. चेहराच बदलला त्यांचा.

बाई जवळ आल्या. नमस्कार नाही, नाव नाही, काही नाही. पहिलं वाक्य काय बोलल्या?

"मी पीत नाही हो, डॉक्टर."

सर म्हणाले, "ठाऊक आहे मला. आपण आधी बसून घ्या."

त्यावर त्या जे रडायला लागल्या! मी पाण्याचा ग्लास दिला, तर अर्धं पाणी साडीवर. हात ग्लासाच्या पुढे निघून जायचा, मग मागे यायचा, मग परत पुढे.

गोष्ट अशी. मिस्टर साताऱ्याहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, मागून या आल्या, आणि त्याही मोटरच्या कारखान्यात लागल्या. तीस वर्षं कॉइल भरल्या. केसासारखी तांब्याची तार, तिचे वेढ्याला वेढा लावून थर बसवायचे. एक तार इकडची तिकडे झाली नाही कधी. आणि दोन वर्षांपूर्वी पाय भरकटायला लागले. मग हात. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लहान मेंदू आणि त्याचे रस्ते झिजतायत, औषध नाही.

"त्याचं काही नाही वाटत," सुलभाताई म्हणाल्या. "पण कॉलनीत सत्यनारायण होता. तीर्थ घेताना हात हलला, शेजारणीच्या शालूवर सांडलं. नंदावहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, सुलभाचं हल्ली दुपारपासूनच सुरू असतं. आणि नंदावहिनी वाईट बाई नाहीत हो! माझ्या बाळंतपणात महिनाभर डबे त्यांनीच दिले. म्हणून तर जास्त लागलं."

रिपोर्ट दाखवला का, मी विचारलं.

"दाखवला की. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता मी गेले की बोलणं बंद होतं. डॉक्टरबाई, कागदात कुणाला रस्ता दिसतो का? मी देहदानाचा फॉर्म भरायला आलेय. पण त्याआधी मला तो रस्ता डोळ्यांनी बघायचाय. आणि त्या सगळ्याजणींना दाखवायचाय. मी मेल्यावर नाही. मेल्यावर काय, सगळे चांगलंच बोलतात."

सर उठून उभे राहिले. "तिन्ही रस्ते अखंड निघाले, की पहिलं बोलावणं आपल्याला."

त्या गेल्यावर मी सरांवर चिडलेच. म्हटलं, बत्तीस वर्षांत निघाले नाहीत आणि तुम्ही त्यांना शब्द देऊन बसलात?

सर म्हणाले, "गेला खरा तोंडातून."

* * *

त्या वर्षी आमच्याकडे या कामाला देता येईल असा एकच मेंदू होता. काही महिने फॉर्मलिनमध्ये मुरवलेला, वरचं आवरण आणि रक्तवाहिन्या काढलेला, स्वच्छ धुतलेला. पुढची पायरी म्हणजे आठवडाभर फ्रीझरमध्ये गोठवायचा, मग वितळवून सोलायला घ्यायचा. सरांनी स्वतःच्या हातांनी ठेवला. फ्रीझरच्या दारावर चिठ्ठी लावली, 'उघडू नये'.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर गेला. लाईट दहा तास यायची, दहा तास जायची, परत यायची. असं चार-पाच दिवस! भियांनी एकदा दार उघडून बघितलं आणि डोक्याला हात लावून बसले. आत सगळं पाणी.

सर जेवले नाहीत त्या दिवशी. मला म्हणाले, "त्या बाईंना काय तोंड दाखवू?"

टाकून तर देता येत नाही. सरांनी मेंदू ट्रेमध्ये घेतला, "आज्ञा असावी" म्हणाले, तेही कसंबसं, आणि चमचा मधल्या जुडीच्या कडेला नुसता टेकवला.

तंतू सुटे झाले!

सुटे म्हणजे कसे? पिकलं केळं सोलताना त्याच्या शिरा कशा अलगद येतात, तसे. एकामागून एक, चकचकीत, पांढरे, सगळे एका दिशेने वळलेले. इतकी वर्षं पुस्तकात बाण काढून शिकवलेली गोष्ट, आणि ती खरंच तिथे होती! बाणाच्याच वाटेने जात होती!

सरांच्या लक्षात आलं. पाणी गोठताना फुगतं, तंतूंच्या मध्ये शिरून त्यांना बाजूला सारतं. एकदा गोठलं तर थोडं, पुन्हा पुन्हा गोठलं तर पुष्कळ. लाईटने आमचं काम पाच-सहा वेळा करून ठेवलं होतं.

"बत्तीस वर्षं मी एकदाच गोठवत होतो, बाई!" सर हसतही होते आणि डोळेही पुसत होते.

उरलेल्या भागासाठी मग भियाच रोज सकाळ-संध्याकाळ फ्रीझरचं बटण बंद-चालू करायला लागले. प्रिन्सिपल साहेब राउंडला आले, बघतात तर फ्रीझर बंद. विचारलं, हे काय? भिया शांतपणे म्हणाले, "सर, पढ़ाई चल री हे।"

* * *

सुलभाताईंना दम धरवत नव्हता. पंधरा दिवसांतून एकदा मिस्टर रिक्षाने आणून सोडायचे. आम्ही त्यांना एक अॅप्रन दिला आणि कोपऱ्यातलं स्टूल. तिथून त्या बघत बसायच्या, तासन्‌तास.

तंतू सुटे व्हायला लागले होते, पण अडचण वेगळीच. मधली जाड जुडी बाहेरच्या बाजूला असते आणि बाकीच्या दोघी तिच्या आडोशाला. आतल्या दिसायच्या तर बाहेरची कापावी लागते. सर दरवर्षी तीच कापायचे. मग तिन्ही एकत्र दिसणार कशा?

त्या दिवशी सर कापायच्या बेतात होते. कोपऱ्यातून आवाज आला.

"कापताय कशाला?"

सर थांबले. त्यांचा चालता हात कुणी थांबवला नव्हता इतक्या वर्षांत. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

सुलभाताई म्हणाल्या, "सर, राग मानू नका. आतल्या थरातली तार बघायची असली तर आम्ही वरचा थर कधी कापला नाही. मोटर मरेल ना! तारा एका दिशेने जातायत, तर त्यांच्या मधून काडी घालायची आणि भांग पाडायचा. आणि तुम्ही ना, तार ओढता. तार ओढायची नसते. तिच्या शेजारणीला बाजूला करायचं, ती आपोआप मोकळी होते."

सरांनी चमचा घेतला, मधल्या जुडीच्या तंतूंमधून अलगद घातला, आणि अर्धा अर्धा केस बाजूला करावा तसा भांग पाडत गेले. एक तास गेला असेल. फटीतून आत काहीतरी पांढरं दिसलं. वेगळ्या दिशेने वळलेलं. खालची जुडी! देठातून वर चढून मागे वळत होती आणि मधलीचा एकही तंतू तुटला नव्हता.

सर उठले आणि सुलभाताईंना वाकून नमस्कार केला. खरोखर वाकून. सुलभाताई घाबरून स्टुलावरून पडता पडता वाचल्या.

"अहो सर, मी नववी पास आहे!"

"असू द्या," सर म्हणाले. "मी एम. डी. आहे आणि कापणार होतो."

* * *

प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या दिवशी सुलभाताई आल्या. त्यांना काय माहीत परीक्षा आहे! आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या, अॅप्रन घालून. बाहेरगावचे एक्झामिनर सर मुलांना घाम फोडत होते. सकाळपासून पाच जणांना एकच प्रश्न विचारला होता, कुणालाच धड आला नाही. चिडून वळले, तर समोर अॅप्रनवाल्या सुलभाताई. कुणी उशिरा शिकायला आलेली विद्यार्थिनी असेल असं वाटलं असावं. हल्ली काही सांगता येत नाही! टेबलावरच्या मॉडेलवर बोट ठेवून म्हणाले,

"आप बताइए। इस ऊपर वाले रास्ते से क्या जाता है?"

सुलभाताई न घाबरता म्हणाल्या, "उसमें से ज्यादा करके बाहर जाता है, साहब. अंदर आनेवाला थोड़ा ही है. जवाब का रास्ता है वो. उसमें बिगाड़ हो गया, तो हाथ सामान के आगे निकल जाता है. ये देखो." आणि टेबलावरचा पेन उचलायला हात पुढे केला. हात पेन ओलांडून गेला, परत आला, थरथरला, शेवटी पेनवर पडला.

एक्झामिनर थक्क. "वाह! क्या एक्टिंग के साथ समझाया! आज का सबसे अच्छा उत्तर। रोल नंबर?"

मांगीलाल भिया दारातून म्हणाले, "सर, रोल नंबर नी हे। इनका एडमिशन बाद में होगा।"

माझ्या अंगावर काटा आला. भियांनाही बोलून गेल्यावर कळलं, त्यांनी जीभ चावली. आणि सुलभाताई? त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की स्टूल धरून ठेवावं लागलं! एक्झामिनरना आम्ही नंतर चहावर सगळं सांगितलं. कप तसाच हातात धरून बसले बिचारे.

* * *

दिवाळीनंतर सुलभाताई बाथरूममध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, पण बाहेर पडणं बंद झालं. बोलणंही अडखळायला लागलं, शब्द लांबायचे. आणि तेच तर लोकांना हवं होतं! आता कॉलनीत म्हणायला लागले, "बघा, बोलतानासुद्धा कळतं." त्यांच्या मिस्टरांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला इतका संताप आला की मी फोन ठेवून भिंतीशी भांडले.

सर मात्र ट्रेसमोर बसून राहायचे. रोज दोन तास, कधी तीन. उरली होती ती वरची जुडी, नाजूक, दरवर्षी तुटणारी. चमचे घासून घासून पातळ केलेले. भिया पंखासुद्धा लावू द्यायचे नाहीत, शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंकायचं.

डिसेंबरच्या एका दुपारी सरांनी चमचा खाली ठेवला आणि बाजूला झाले. मी वाकून बघितलं.

तिन्ही होते.

खालची वर चढून आत शिरत होती. मधली पुढून येऊन रुंद होत पसरत होती, तिच्या भांगातून बाकीच्या दिसत होत्या. आणि वरची लहान मेंदूच्या आतून निघून देठाकडे जात होती, पूर्ण, कुठेही न तुटलेली. एवढ्याशा जागेत! माझ्या अंगठ्याएवढ्या जागेत तीन रस्ते एकमेकांना वाट देत गेले होते आणि कुणी कुणाचा धक्का खाल्ला नव्हता. मला काय झालं माहीत नाही, मी हातमोजे काढले आणि हात जोडले. भियांनी टोपी काढली. कुणाचा मेंदू होता तो, आम्हाला नावही माहीत नाही. पण कुणीतरी या रस्त्यांवरून आयुष्यभर चाललं होतं, जिने चढलं होतं, कुणाचा तरी हात नेमका धरला होता.

सर खुर्चीत बसून म्हणाले, "बाई, बोलावणं धाडा."

मी स्वतः गेले सुलभाताईंच्या घरी. त्या पलंगावर बसल्या होत्या, वॉकर शेजारी. ऐकल्यावर त्यांनी वॉकर जवळ ओढला. मग सावकाश, एकेक शब्द लावून म्हणाल्या, "मी येईन. पण एकटी नाही. कॉलनीतल्या अकरा जणींना घेऊन येईन. नंदावहिनींना आधी."

* * *

संक्रांतीचे दिवस होते. डिपार्टमेंटचं म्युझियम बघायची लेखी परवानगी सरांनी काढून ठेवली होती. दुपारी दोन गाड्या भरून अकरा जणी उतरल्या. जिकडेतिकडे हळदीकुंकवं चालू, त्यामुळे सगळ्या काठापदराच्या साड्यांत, गजरे माळून, नाकाला रुमाल लावून. आमच्या म्युझियममध्ये असा थाट कधी झाला नव्हता! नंदावहिनी सगळ्यात पुढे. धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या. यायचं नव्हतं त्यांना, पण बाकी सगळ्या निघाल्यावर नाही कशा म्हणणार?

सुलभाताई वॉकर धरून टेबलाशी आल्या. टेबलावर तो मेंदू, पाण्याच्या पारदर्शक डब्यात. सरांनी दाखवायला बांबूची बारीक काडी दिली. सुलभाताईंनी घेतली, काडी डब्याच्या कडेवर टकटक आपटली, इकडून तिकडे गेली. सगळ्याजणी खाली बघायला लागल्या.

सुलभाताई म्हणाल्या, "नंदावहिनी, तुम्ही धरा. मी सांगते, तुम्ही दाखवा."

नंदावहिनींनी काडी घेतली. दुसरं करणार काय?

"खाली. अजून खाली. हां, तिथे. इथून खबर आत जाते, पाय कुठे आहे, मान किती कलली. आता मधे. इथून कळतं, काय करायचंय. आता वर या. हळू. हा परतीचा रस्ता. इथून हाताला सांगितलं जातं, की एवढंच जा, पुढे नको जाऊ."

प्रत्येक शब्द लांबत होता, जड होत होता. पण एकही चुकला नाही. तीस वर्षं तारा मोजलेली बाई होती ती. नंदावहिनींच्या हातातली काडी सांगितल्या जागी, अगदी तंतूवर, जात होती.

"हे निरोगी माणसाचं आहे. म्हणून बघा, कसं भरलेलं आहे. माझं सुकलंय. हे तिन्ही. तुम्ही आत्ता काडी ठेवलीत ना वहिनी, तिथेच माझं तीर्थ सांडलं."

कुणी रुमाल खाली केला, कुणी दुसरीचा हात धरला. नंदावहिनींनी काडी टेबलावर ठेवली. सगळ्यांच्या आधी बाहेर गेल्या. मला वाटलं, झालं, गेल्या निघून! सुलभाताईंनाही तेच वाटलं असणार. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

आम्ही त्यांना धरून बाहेर आणलं, तर नंदावहिनी म्युझियमबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पर्समधून हळदीकुंकवाचा करंडा काढून मांडीवर उघडून ठेवलेला.

"सुलभा, लाव."

सुलभाताई मागे सरल्या. दोन वर्षांत त्यांनी कुणाला कुंकू लावलं नव्हतं. लावून घ्यायच्या, आणि आपली पाळी आली की करंडा पुढे सरकवायच्या.

"नको हो वहिनी. डोळ्यात जाईल."

नंदावहिनींनी डोळे गच्च मिटले, आणि कपाळ पुढे केलं.

"मिटलेत. लाव."

सुलभाताईंनी बोट कुंकवात बुडवलं. हात निघाला, कपाळ सोडून वर गेला, परत आला, थरथरला. कुंकू नंदावहिनींच्या नाकाच्या शेंड्यापासून गालापर्यंत ओढलं गेलं. मागोमाग हळद, ती हनुवटीवर. नंदावहिनी हलल्या नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. मग उठल्या आणि दुसरीला बसवलं. दुसरीचं भुवईवर. तिसरीचं कानाजवळ. चौथीला हसू आवरेना, ती हसता हसता रडायला लागली. एकेक करून अकरा जणी बसल्या. बारावी मी बसले.

सर खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मांगीलाल भिया दारात, हात जोडून.

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. काठापदराच्या साड्या, गजरे, आणि कुणाच्या नाकावर, कुणाच्या गालावर, कुणाच्या हनुवटीवर कुंकवाचे लाल फराटे! मधोमध सुलभाताई, वॉकर दुसऱ्याच कुणाच्या हातात, आणि त्यांचा दंड नंदावहिनींच्या काखेत. गेटवरचा गार्ड खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"क्या हो गया, भाभीजी?"

नंदावहिनी म्हणाल्या, "कुछ नी भिया, हल्दी-कुंकू था।"